वहिनीची शिकवणी

नणंदेने भावजयीचं कौतुक केलं की लोक विचारतात, हिला तिच्याकडून काय हवंय? मला काही नको. माझं शिवणाचं दुकान आहे, दोन मशीन आहेत आणि जिभेला धार आहे, एवढ्यावर माझं छान चालतं. पण वहिनीबद्दल कुणीतरी सांगायला हवं आणि ती स्वतः तोंड उघडणाऱ्यांतली नाही, म्हणून मी सांगते.

वहिनी बावीस वर्षं एकाच हॉस्पिटलात, एकाच वॉर्डात नर्स आहे. बाळांचा वॉर्ड. दिवस भरायच्या आत जन्मलेली, मूठभर जिवाची बाळं तिथे काचेच्या पेटीत ठेवतात. नाकात नळी, पायाला चिठ्ठी. त्यांच्या आयांनाही त्यांना उचलून घेता येत नाही. पेटीच्या भोकातून हात घालून वहिनीच त्यांना पुसते, थोपटते, थेंब थेंब दूध पाजते. घरी येते तेव्हा हातांना औषधी साबणाचा वास आणि पायांना सूज असते. दादा, म्हणजे तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ, बस डेपोत टायर बदलतो. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून गरम पाण्यात पाय सोडतात आणि अर्धा तास एक शब्द बोलत नाहीत. याला ते गप्पा मारणं म्हणतात.

अशा सुखाच्या संसारात वरून एक नियम आला. पेटीच्या वॉर्डात यापुढे पदवी असलेल्याच नर्स राहतील. वहिनीकडे जुना डिप्लोमा. काम करता करता पदवी घ्या म्हणाले, नाहीतर तळमजल्यावर रेकॉर्डच्या खोलीत बसा. सेहेचाळिसाव्या वर्षी वहिनीने पुन्हा दप्तर उचललं. बाकीचे सगळे विषय सुटले. एक राहिला, गणित आणि संख्याशास्त्राचा. त्यात ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा नापास झाली. तिसरी संधी शेवटची होती.

दुसरा निकाल लागला त्या दिवशी ती माझ्या दुकानात येऊन कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"ताई," ती म्हणाली, "मला फाइलींजवळ नाही हो बसता येणार. त्या श्वास घेत नाहीत."

मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. तुला शिकवणी लावायची. मी शोधते माणूस." उचलली जीभ, लावली टाळ्याला. मला कुठे माहीत होतं संख्याशास्त्र कशाशी खातात!

पहिली शिकवणी एका मोठ्या क्लासमध्ये. शिक्षक माइकवरून बोलायचे आणि दर पाच मिनिटांनी "हे पाठच करा" म्हणायचे. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींमध्ये वहिनी शेवटच्या बाकावर. पोरी तिला काकू म्हणायच्या, जागा धरायच्या, एकीने तर डोकं दुखतंय म्हणून गोळीही मागून घेतली. दोन आठवड्यांत अख्ख्या बाकाची दुखणी वहिनीला पाठ झाली, सूत्र एकही नाही.

दुसरी शिकवणारी कॉलेजातली हुशार मुलगी, घरी येणारी. तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सोप्पंय ना?" असायचं. वहिनी मान डोलवायची. समोरचा दुखावू नये म्हणून मान डोलवायची तिला सवयच आहे. महिन्याने मुलगी खुशीत म्हणाली, "झालं की सगळं!" त्यावर वहिनी मला हळूच म्हणाली, "पोरगी गोड आहे हो. पण ती काय बोलते ते मला अजून एकदाही कळलेलं नाही." मी कपाळावर हात मारला.

परीक्षेला दोन महिने उरले. मी गिऱ्हाइकांना विचारलं, शाळांच्या फाटकांशी उभी राहिले, झेरॉक्सवाल्याच्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या फाडून आणल्या. कुणी बाईमाणसाला शिकवत नव्हते, कुणी एवढ्या वयाच्या माणसाला. एकाने तोंडावर विचारलं, "आता कशाला त्यांना?" त्याला मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि मग काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं.

एक वाळकुडे म्हातारे गृहस्थ पँट घट्ट करायला दुकानात आले. पँटसोबत एक कागद. त्यावर कंबरेचं माप तीनदा लिहिलेलं, तिन्ही वेगळी, आणि खाली रेघ मारून त्यांची सरासरी, दशांशासकट. मी तीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरते. माझा पारा चढला.

"माझ्या टेपवर विश्वास नाही वाटतं?"

"टेपवर आहे," ते शांतपणे म्हणाले. "कंबरेवर नाही. ती सकाळी एक असते आणि जेवणानंतर एक."

मी म्हटलं, हे काय प्रकरण आहे? तर गृहस्थ आरोग्य खात्याच्या आकडेवारीच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. सगळ्या हॉस्पिटलांतून येणारे आकडे जमवायचे, तपासायचे, त्यांच्या सरासऱ्या काढायच्या. मी हातातली कात्री खाली ठेवली आणि वहिनीची सगळी कथा एका दमात सांगितली.

"पण मी शिक्षक नाही," ते म्हणाले. "जन्मात कुणाला शिकवलेलं नाही."

"बरंच आहे. शिक्षक दोन झाले. आणि तुम्ही नाही म्हणालात तर पँट मिळायची नाही."

ते हसले. माझ्या मते तेव्हाच हो म्हणाले. त्या दिवसापासून माझ्यासाठी ते सरासरीकाका झाले, वहिनीसाठी सर.

शिकवणी माझ्याच दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर, दुपारी चार वाजता, वहिनीची सकाळची ड्युटी संपली की. पहिल्या दिवशी काकांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "नापास झालेला पेपर बघू." अर्ज करून मिळवलेली त्या पेपराची झेरॉक्स वहिनीने दप्तराच्या तळातून काढली. आजवर आम्हाला कुणालाच तिने ती दाखवली नव्हती.

काका वाचत गेले. मी मशीन थांबवून त्यांच्या खांद्यावरून बघायला लागले, कारण मला राहवेना.

प्रश्न असा होता: दहा नवजात बाळांची वजनं दिली आहेत, त्यातलं विसंगत वजन वगळून सरासरी काढा. नऊ बाळं पावणेतीन किलो ते तीन किलो दोनशेच्या मधली. दहावं आठशे वीस ग्रॅम. वहिनीने उत्तरात लिहिलं होतं, "हे बाळ वगळता येणार नाही. त्याला ताबडतोब पेटीत ठेवून डॉक्टरांना कळवावे." आणि खाली दहाही बाळांची सरासरी काढली होती, २७४२ ग्रॅम, अगदी बिनचूक. परीक्षकाने लाल शाईने भोपळा दिला होता.

पुढे तेच. तापाच्या आकड्यांचा आलेख काढा म्हटलं तर आलेखाशेजारी "ताप तीन दिवस आहे, रक्त तपासावे." श्वासांच्या नोंदींतलं टोकाचं निरीक्षण वगळा म्हटलं तर "तेच आधी बघावे." दुसऱ्या कुणी असं लिहिलं नसतं. बेरजा सगळ्या बरोबर, गुण सगळे गेलेले. मला हसू आवरेना. मी हसले आणि वहिनीचा चेहरा बघून गप्प बसले.

काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "सिस्टर, आठशे वीस ग्रॅमचं बाळ खरंच असतं?"

"असतं की. एवढं." वहिनीने दोन्ही तळवे जोडून दाखवले. "त्याहून लहान पण असतात. सगळी नाही राहत, पण राहतात. मागच्या वर्षी एक साडेसातशेचं घरी गेलं. जाताना दोन किलोचं झालं होतं."

काका बराच वेळ तळव्यांकडे बघत राहिले. त्या दिवशी ते पुढे काही न शिकवता गेले. मला वाटलं, गेला हाही माणूस.

दुसऱ्या दिवशी बरोबर चारला हजर. बसले आणि म्हणाले, "ही तुमची सरासरी बघा. २७४२. पण त्या नऊ बाळांपैकी एकही इतक्या कमी वजनाचं नाही. आणि दहावं तर याच्या आसपासही नाही. म्हणजे हा आकडा कुणाचा?"

वहिनीने पहिल्यांदाच मान डोलवली नाही. विचार करून ती म्हणाली, "कुणाचाच नाही."

"बरोबर. एकाला दहांत मिसळलं की नऊ जणांचं खोटं होतं आणि त्या एकाचं दिसेनासं होतं. वगळायचं म्हणजे टाकायचं नाही, सिस्टर. वेगळं ठेवायचं. तुम्ही वॉर्डात काय करता?"

"पेटीत ठेवतो."

"मग इथेही ठेवा." काकांनी समासात एक चौकोन काढला, आत ८२० लिहिलं. "ही त्याची पेटी. आधी त्याला आत ठेवा, हवं तर पुढे लिहा डॉक्टरांना कळवलं म्हणून. मग उरलेल्या नऊ जणांकडे वळा."

वहिनीने वही ओढून घेतली. चौकोन काढला. आत आकडा लिहिला, आणि मी शपथेवर सांगते, त्या चौकोनाच्या कडेवरून तिने एकदा बोट फिरवलं. मग नऊ वजनांची सरासरी काढली. २९५६ ग्रॅम. चार मिनिटांत.

त्यानंतर गाडी रुळावर आली. मध्यक, प्रमाण विचलन, संभाव्यता, सगळं काकांनी वॉर्डातून फिरवून आणलं. त्यांना वॉर्ड माहीत नव्हता, म्हणून ते विचारायचे आणि वहिनी सांगायची. घरी दोन वाक्यांत दिवस काढणारी ही बाई चार ते साडेपाच बोलत असायची. दादाला हे सांगितलं तेव्हा तो एक दिवस टायर सोडून नुसता ऐकायला आला आणि दाराशी उभा राहून निघून गेला.

परीक्षेच्या आठवड्यात एका दुपारी काकांनी वही मिटली आणि एकदम म्हणाले, "सिस्टर, एक सांगायचं होतं. कचेरीत वॉर्डाचे तक्ते यायचे. मध्येच कुठेतरी सातशे ऐंशी, आठशे वीस असं वजन असायचं. आम्हाला वाटायचं, लिहिणारीने पुढचा दोनाचा आकडा गाळला. मी आठशे वीसचं दोन हजार आठशे वीस करायचो, नाहीतर सरळ खोडायचो. पस्तीस वर्षं. वरिष्ठ शाबासकी द्यायचे, तक्ते स्वच्छ असतात म्हणून." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती बाळं खोडली असतील मी."

मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबला.

वहिनीने वही जवळ घेतली. बाळाच्या आईशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही कागदावर खोडलंत. कागदावर खोडल्याने बाळं कुठे जात नाहीत. तेव्हा आम्ही होतो ना तिथे."

काकांनी खिशातून रुमाल काढला. वहिनीने त्यांच्याकडे न बघता पेन्सिलीला टोक करायला घेतलं आणि बराच वेळ ते करत राहिली. मी त्या दोघांसाठी चहा ठेवायला मागे गेले आणि तिथे मीही डोळे पुसून घेतले. खोटं कशाला बोलू?

परीक्षा झाली. कसा गेला विचारलं तर वहिनी म्हणाली, "तीन पेट्या लागल्या." याहून जास्त काही सांगेना. निकालापर्यंत आमच्या घराचा जीव टांगणीला. हॉस्पिटलात तोवर बातमी फिरलेली, की या सिस्टर महिनाअखेरीस खाली जाणार. तिच्या जागी कुणाचं नाव लागणार तेही लोक बोलू लागले होते.

निकालाच्या दिवशी वहिनी ड्युटीवर. मी दुकान बंद करून कॉलेजात गेले. फळ्यावर कागद लावलेला. मी बोट ठेवून खाली खाली आले आणि तिच्या नंबरापाशी थांबले. चौसष्ट. पास. मी शेजारच्या अनोळखी पोरीला मिठी मारली. तीही पास झाली होती म्हणून बरं.

तिथून धावतच हॉस्पिटलात. बाळांच्या वॉर्डात बाहेरच्यांना सोडत नाहीत. मी काचेला नाक लावून उभी राहिले. आत वहिनी पेटीत दोन्ही हात घालून एका बाळाला दूध पाजत होती. तिचा नंबर लिहून नेलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर मी मोठ्या अक्षरात ६४ लिहून काचेवर धरलं. तिने वर बघितलं. वाचलं. बाळाचं दूध अजून संपलं नव्हतं, म्हणून ती तशीच पाजत राहिली. फक्त तिचे खांदे हलायला लागले, आणि दुसरी नर्स येऊन तिचे गाल पुसू लागली, कारण तिचे हात आत होते.

मी मागे सरकून बाकावर बसले. शेजारी एक मुलगी बसली होती, विशीतली, अंगावर हॉस्पिटलचाच झगा. डोळे तांबारलेले. तिने माझी बाही धरली.

"तुम्ही त्या सिस्टरांच्या घरच्या का हो? माझं आहे आत. नऊ दिवस झाले. त्या असल्या की दूध पितं ते. पण त्यांना दुसरीकडे पाठवणार म्हणतात. खरंय का?"

"नाही," मी म्हटलं. "कुठे जात नाहीत त्या. इथेच आहेत."

"उद्या पण?"

"उद्या पण."

तिने माझी बाही सोडली नाही. तशीच बाकावर आडवी झाली, डोकं माझ्या मांडीवर ठेवलं, जणू आमची जन्माची ओळख होती, आणि दोन मिनिटांत तिला गाढ झोप लागली. मला दुकान उघडायचं होतं, दोन गिऱ्हाइकं यायची होती. मी तिला उठवलं नाही.