गुडघे तिचे, बसली गाडी

बायकोशी खोटं बोलून नवरे फसतात, हे तुम्ही ऐकलं असेल. मी बायकोचं बोलणं खरं मानून फसलो. आणि असा फसलो, की अजून दार्सैतला कोणाकडे चहाला टेकलो तरी एकजण विचारतोच, "काय तात्या, गाडी बसली की उठली?" आज सगळं सांगून टाकतो. मग चहा तरी सुखाने पिऊ द्या.

मी देवगडाकडचा. चौथी शिकलो, पाचवीच्या मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. ओमानात पाण्याचे पंप दुरुस्त करतो, ह्यातच केस पांढरे झाले. दुकान रुसैलला, घर दार्सैतला आणि गिऱ्हाइकं थेट इब्रापर्यंत, खजुरांच्या बागांतून. त्यामुळे पिकअप रोज लागते. मागे पंपांच्या मोटारी, पाइप, साखळ्या, सगळा संसार. गाडी उंच, दणकट. आपल्याला तशीच आवडते.

गाडी मी नीट चालवतो. बाकीचे नीट चालवत नाहीत, त्याला मी काय करू? एक आडवा घुसतो, दुसरा फोनवर बोलत झुलतो. मग मी बोलतो. पण शिस्तीत बोलतो बरं का. इथे रस्त्यावर कोणाला हातवारे केले, शिवी घातली, तर पोलीस सोडत नाहीत. म्हणून मी आधी काचा वर करतो, एसी लावतो आणि मग त्याच्या सात पिढ्यांचं काढतो. बाहेर अक्षर ऐकू जात नाही. आहे की नाही हुशारी?

तर आमची मुलगी सुषमा इब्राला दिली. जावई तिथे एका दुकानात हिशेब बघतो. तिला बाळ व्हायचं होतं म्हणून आमची बायको सारखी इब्राला जायची. पण कशी? पहिल्या दोन खेपांना माझ्या गाडीतून, मग शेजारच्या सावंतांच्या गाडीतून. सावंत आपल्या कामासाठी तिकडे निघाले, की ही डबे घेऊन त्यांच्या मागच्या सीटवर. दारात माझी गाडी उभी, त्याच रस्त्याने माझी रोजची फेरी, आणि माझी बायको सावंताच्या गाडीत!

लोक हसायला लागले. देवळाच्या पायऱ्यांवर एकाने मला विचारलं, "तात्या, तुमची गाडी फक्त पंपांसाठी काय?"

घरी येऊन मी विचारलं. घरात आम्ही मालवणीतच बोलतो आणि भांडतो.

"अगो, माझ्या गाडयेत काय काटे आसत?"

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "गुडघे दुखतत ओ. तुमची गाडी उंच. माका चढूक जमणा नाय."

झालं. एवढंच होय? मला वाटलं होतं भलतंच काही. गुडघ्यांचा प्रश्न म्हणजे उंचीचा प्रश्न, आणि उंचीचा प्रश्न म्हणजे पान्याचं काम. सुटला म्हणायचा.

आता तुम्ही म्हणाल, तात्या, हीच बाई त्याच संध्याकाळी स्टुलावर उभी राहून माळ्यावरची लोणच्याची बरणी काढत होती, ते दिसलं नाही का? दिसलं. मी स्टूल धरून उभा होतो. पण डोक्यात गाडी बसलेली. दुसरं काही शिरेल तर ना.

दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावलं. प्रसाद मुंबईचा, इंजिनीअर, रुसैललाच एका कारखान्यात आहे. दाढी अशी राखतो, की गिऱ्हाईक म्हणून आला तर मी आधी पैसे मागीन. पण गाड्यांचं वेड जबर.

"मामा, गाडी खाली करायची तर दोन रस्ते," तो म्हणाला. "एक स्टॅटिक. मागचे कमानपाटे बदलायचे, पुढच्या स्प्रिंगा आखूड टाकायच्या. गाडी एकदा खाली गेली की कायमची खाली. दुसरा एअर. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या, सोबत कॉम्प्रेसर आणि टाकी. बटण दाबलं की गाडी खाली, पुन्हा दाबलं की वर. मागे माल भरला तर हवा वाढवायची. तुझ्यासारख्या रोजच्या गाडीला एअरच घे."

"हवेवर गाडी?"

"टायर कशावर चालतात, मामा?"

"आणि पंक्चर कोण होतं? टायरच ना?" मी म्हटलं. "अरे, मी जन्मभर लोकांच्या पाइपांतली गळती काढत आलो. आता म्हातारपणी स्वतःच्या गाडीला गळती लावून घेऊ? आज नळी फुटली, उद्या वायसर गेला. ह्या उन्हात रबर टिकतं का? लोखंड ते लोखंड. ते तोंडावर सांगतं, मी वाकलो म्हणून. हवा सांगत नाही."

"पण स्टॅटिक करून तू त्यात मोटारी टाकणार. मागून बसेल गाडी."

"मागून बसली तर चढायला आणखी सोपी."

प्रसादने दाढी खाजवली. "मामी म्हणालीय ना नक्की, की उंचीचाच त्रास आहे?"

"तू इंजिनीअर आहेस. मामीचं डोकं मामाला कळतं."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

मी गाडी खाली करून घेतली. स्टॅटिक. गॅरेजातून बाहेर काढली तेव्हा गाडी अशी दिसत होती, जशी कोणी तिच्या डोक्यावर हात ठेवून दाबली आहे. रस्त्यातली पोरं अंगठा दाखवायला लागली. मला वाटलं, म्हाताऱ्याचं कौतुक करतायत.

इमारतीखाली गाडी लावली आणि बायकोला हाक मारली. ती खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारली, जशी बाजारात पापलेट बघते तशी.

"बस बघू," मी म्हटलं.

तिने दार उघडलं, आत वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला.

"आता वाकूक लागता ओ. माझी कंबर धरली."

आणि गेली वर. जिन्याने. लिफ्ट बंद होती, तरी भराभरा गेली. मी खाली उभा राहून काय विचार करत होतो माहितीय? कमरेची उंची आणि गुडघ्याची उंची, ह्यांच्या मधली उंची काढली पाहिजे. असा मी शहाणा!

मधली उंची काढायच्या आत इब्राहून बोलावणं आलं. लेकीचं नव्हे, एका बागवाल्या म्हाताऱ्या अर्बाबाचं. अर्बाब म्हणजे मालक. त्याचा पंप बसला होता. मी मागे जड मोटार चढवली आणि निघालो. वाटेत जेवढे गतिरोधक आले, तेवढ्यांनी गाडीचं पोट खरवडलं. काचा वर करून बोललो भरपूर, पण गतिरोधकाला काय ऐकू येतंय.

अर्बाबाच्या बागेत शिरताना पाण्याचा पाट आडवा जातो. फलज म्हणतात इथे. त्यावर सिमेंटचा उंचवटा आहे, वर्षानुवर्षं मी तो बघतसुद्धा नव्हतो. त्या दिवशी पुढची चाकं ओलांडून गेली आणि मागची आलीच नाहीत. मागे मोटारीचं ओझं, गाडी आधीच बुडावर टेकलेली. पोटावर अडकली ती अडकलीच. पुढची चाकं बागेत, मागची रस्त्यावर, मी मधे.

अर्बाब काठी टेकत आला. त्याच्या मागे बागेतले चार कामगार. त्याने गाडीच्या खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा खाली बघितलं.

"सदीक," म्हणजे मित्रा, "गाडी बीमार?"

"नहीं अर्बाब. मैंने नीचे किया."

"तूने? लेश?" म्हणजे कशाला.

"औरत के लिए. घुटना दर्द."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याला पटलं असावं. मग काठीने गाडीला हळूच टोचलं आणि आपल्या अरबी-हिंदीत म्हणाला, "शूफ, सदीक. जमल बैठता. औरत चढता. जमल उठता." शूफ म्हणजे बघ, जमल म्हणजे उंट. "ये तेरा जमल बैठ गया. खलास. उठता नहीं."

कामगार हसून हसून वाकले. मोटार उतरवली, गाडी उचलून ढकलली, तेव्हा कुठे सुटली. मग अर्बाबाने मला बसवून कावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला, खजूर दिले. प्रत्येक कपाला "उठता नहीं" म्हणून स्वतःशीच हसत होता. मी कप हलवून 'पुरे' म्हटलं, तरी त्याचं हसणं पुरे होईना.

पण बोलला ते खरं. उंट बसतो आणि उठतो. प्रसाद वेगळं काय सांगत होता? फक्त त्याला काठी आणि पांढरी दाढी नव्हती, म्हणून मला पटलं नाही.

गेलो प्रसादकडे. तो दाढीत हसला, ते मी बघितलं नाही असं दाखवलं. लोखंड निघालं, हवा बसली. किती पैसे गेले ते विचारू नका, बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. टाकी बसली, कॉम्प्रेसर बसला आणि सीटशेजारी वायरला लोंबणारा बटणांचा एक डबा आला. दाबलं की फुस्स करून गाडी गुडघे टेकते. दुसरं दाबलं की घर्र करून उठते. मी दुकानाबाहेर तासभर तेच करत बसलो. रुसैलच्या बसमधून उतरणारे कामगार थांबून बघत होते.

तोवर सुषमाला मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला. मी घरात जाहीर केलं, "ह्या वेळी सावंतांक त्रास नको. आपण आपल्या गाडयेन जावचा."

बायको पाळण्याच्या दोऱ्या, घुगऱ्यांचा डबा, बाळाची झबली, सगळं बांधून खाली आली. सावंतवहिनीही आल्या, त्यांची गाडीही तयारच होती. वरच्या गॅलऱ्यांतून अर्धी इमारत बघत होती. मी बटण दाबलं. फुस्स. गाडी अशी नम्रपणे खाली आली, की मलाच नमस्कार करावासा वाटला. बरोब्बर तिच्या गुडघ्याच्या मापाला थांबवली. मी आधी आमच्या खुर्चीची उंची मोजून घेतली होती.

"बस," मी म्हटलं. "गुडघो नको, कंबर नको. बस."

ती उभीच. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर असा भाव, जसा चोरी पकडलेल्या पोराच्या तोंडावर असतो. मला काही कळेना.

सावंतवहिनींना मात्र राहवलं नाही. "अहो, सांगून टाका आता. नाहीतर उद्या हे गाडीला पाळणा लावतील."

तेव्हा ती बोलली. "माझ्या गुडघ्याक काय झाला नाय ओ. कधीच नव्हता."

"मगे?"

"तुमी काचो वर करून शिव्या घालतास. भायर कोणाक ऐकाक येना नाय. आत कोण बसलेला असता?"

मी गाडीच्या काचांकडे बघितलं.

"हयसून इब्रापर्यंत सगळ्यांच्या आवशीबापाशीचा मीच ऐकतंय. सुषमाकडे पोचतंय तेव्हा माझा डोक्या भणभणता. तुमका तोंडार सांगतलंय तर तुमी चिडतलास. म्हणून गुडघे सांगितलंय." मग तिने गाडीवरून हात फिरवला. "गाडी खाली करूचा बटण बसवल्यात. आवाज खाली करूचा खय आसा?"

वर गॅलरीत कोणीतरी टाळी वाजवली. कोण ते मला माहीत आहे. त्याचा पंप बिघडू दे, मग बघतो.

आता मी काय करणार? चिडलो असतो तर तिचंच खरं ठरलं असतं. मी म्हटलं, "नाय बोलणंय. इब्रापर्यंत एक शब्द नाय."

"बघू हां," ती म्हणाली. आणि बसली. गुडघा न दुखता, कंबर न वाकवता, महाराणीसारखी. शिवाय बटणांचा डबा उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

पहिल्याच सिग्नलला एक टॅक्सीवाला आडवा घुसला. मी काच वर करायला हात नेला. नुसता हात हो. फुस्स! तिने बटण दाबलं, गाडी खाली. शेजारच्या गाडीतली माणसं वाकून बघायला लागली. मी हात मांडीवर ठेवला. घर्र. गाडी वर.

त्यानंतर इब्रापर्यंत मी एक अक्षर बोललो नाही. पुढचा ट्रक वाकडा चालला, गप्प. मागचा दिवे मारतो, गप्प. घशात शिव्या दाटून मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. बायको मात्र खिडकीतून डोंगर बघत गाणं गुणगुणत होती. माझ्या गाडीत ती गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं.

बारसं छान झालं. नात गोड आहे, नाक माझं आहे. जावयाने विचारलं, "प्रवास कसा झाला?" ही म्हणाली, "शांत." सुषमाने माझं कपाळ चाचपून बघितलं, ताप आहे का म्हणून.

आता ही दर शुक्रवारी तयार. सावंतांना कायमची सुट्टी. आणि माझे हाल विचारू नका. जाताना दोन तास तोंड शिवलेलं, येताना दोन तास. परवाच्या शुक्रवारी मला ते सोसवेना. मी पलंगावर बसून राहिलो आणि म्हटलं, "ह्या टायमाक तू सावंतांबरोबर जा. माझे गुडघे दुखतत."

तिने डबे उचलले, गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "दुखांदेत. गाडी खाली बसता मां?"