याकोब साळवेचा कान

पासष्ट साली आमची पलटण पंजाबात व्हती. मी खुटबावचा. माझा बाप ढोलकी वाजवायचा, तवा गावाला वाटायचं, ताल ह्याच्या रक्तातच असनार. परेडला हवालदार मला शेवटच्या ओळीत ठेवायचे. म्हंजी माझा पाय चुकला तरी मागं बघून चुकायला कुनी नको.

शेजारच्या खाटेवर लान्स नायक याकोब साळवे. त्याची आई बाळंतपनात गेली. बाप दौंडला रेल्वेत गँगमन. एकट्याला तान्हं पोर सांभाळवंना, म्हनून शिरूरच्या मिशनात ठेवलं. तिथं गानं शिकवनाऱ्या सुलोचनाबाईंनी त्याला वाढवलं, पेटीवर गायला बसवलं. एक सूर हलला की परत पयल्यापासनं.

एकदा सुट्टीवर दोघं दौंडला उतरलो. भर दुपार. त्याचे आप्पा लायनीवर व्हते. त्यांनी वाकून रुळाला कान लावला, डावा डोळा मिटला, जिभेचं टोक दातात धरलं. याकोब शेजारी वाकला. तसाच कान, तसाच डोळा, तशीच जीभ. बापाजवळ तो उभ्या जन्मात पंधरा दिस राह्यला नसंल. 

"मालगाडी," आप्पा म्हनाले.

"व्हय. आन् एक चाक तालात न्हाई," याकोब म्हनला.

गाडी आली. खटक-खटक एक चाक उडत व्हतं. आप्पा पोराकडं बघतच राह्यले.

मी बी कान लावून बघितला. भाजला.

मग लढाई लागली. सकाळी साडेसहाला आम्ही अकराजन उसात पेट्रोलवर, म्हंजी गस्तीवर. वायरलेस बंद. सातला आपले टँक न्यायला येनार व्हते. पलीकडनं घरघर आली.

"आले आपले," म्हनून मी हात करायला भायेर निघालो. याकोबनं पाय वढून मला पाडलं. मग जमिनीला कान लावला. डावा डोळा मिटला.

"साहेब, हे आपले न्हाईत. आपला टँक जाड बोलतो, महिनाभर ऐकलाय. ह्यो बारीक हाय."

"पक्का?" सुभेदारसाहेबांनी इचारलं.

"पक्का."

"पीछे. नाले में."

आम्ही पळालो. टँक उसातनं भायेर आले. दुसऱ्यांचेच. पडलो तिथं माझी रायफल राह्यली व्हती. ती उचलायला याकोब मागं थांबला. गोळा पडला. नाल्यात आम्ही धाजन पोचलो.

सुट्टी मिळाल्यावर दौंडला गेलो. आप्पांना सगळं सांगितलं, रायफलीचंबी. 

"त्यानं वळखलं ते बराबर निघालं?"

"व्हय आप्पा. धा मानसं घरी आली."

"कान आमच्या घरचा. माझा बापबी रूळ ऐकायचा. पर जाड-बारीक आम्हाला कळत न्हाई, ते शिरूरचं." आप्पा उठले. "बाईंना सांगितलंस का?"

"न्हाई."

"चल मग. पोरगं त्यांचंबी व्हतं."

संध्याकाळी शिरूरला पोचलो. सुलोचनाबाई पोरांना गानं शिकवत व्हत्या. आप्पांनी दारातनं नुसती मान हलवली. बाईंनी पेटी मिटली, पोरांना घरी धाडलं. दोघं एका बाकावर बसली.

मी भायेर उभा राह्यलो. लान्स नायक याकोब साळवेचे आईबाप म्हनून मला ती दोघंच आठवतात.