दोन पांढऱ्या बरण्या

मावशी बावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान धूत होत्या, आणि धुण्याच्या त्या हौसेपायीच त्यांनी घोळ घातला. तपासणीला साहेब येणार म्हणून सकाळीच त्यांनी सगळ्या बरण्या गरम पाण्यात घालून खसाखसा घासल्या. बरण्या लख्ख झाल्या. लेबलं मोरीतून वाहून गेली.

बाकीच्या बरण्या रंगावरून ओळखू आल्या. दोन मात्र अडून बसल्या. एकीत मीठ, दुसरीत साखर, दोन्ही दळलेली, पिठासारखी पांढरी. आणि आजचा धडा नेमका त्यांच्यावरच होता!

दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हळूच एका बरणीत बोट घातलं.

"हं!" मावशींनी त्यांचा हात धरला. "इथं काही चाखायचं नाही. पोरांना रोज तुम्हीच दटावता ना?"

"मग ओळखायचं कसं?"

मावशींनी पदर खोचला. बॅटरी, वायर, छोटा दिवा आणि कार्बनच्या दोन कांड्या मांडल्या. कांड्या पहिल्या बरणीतल्या पुडीत खुपसल्या. दिवा लागला नाही. दुसरीतही नाही.

"दोन्ही साखरच दिसतेय," सर रडकुंडीला आले.

"धीर धरा हो! कोरड्या मिठातले आयन जागच्या जागी जखडलेले असतात. पाण्यात सुटे होऊ द्या."

दोन पेल्यांत शुद्ध पाणी घेऊन त्यांनी एकेकात एकेक पूड विरघळवली. पहिल्यात दिवा ढिम्म. दुसऱ्यात झकास पेटला. खात्रीसाठी मावशींनी चिमूट चिमूट पूड चमच्यात तापवली. पहिली वितळून तपकिरी झाली. दुसरी जशीच्या तशी. सरांनी घाम पुसला.

तासाला साहेब मागच्या बाकावर बसले. प्रयोग उत्तम झाला. मग त्यांनी विचारलं, "साखरेच्या पाण्यात दिवा का लागत नाही?"

पोरांनी सरांकडे पाहिलं. सर फळा पुसायला वळले. मावशींना राहवेना. मोरीपाशी उभ्या उभ्याच त्या म्हणाल्या, "मिठात एकानं इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्यानं घेतला, म्हणून दोघांवर भार आला. साखरेत अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात. पाण्यात रेणू अख्खेच फिरतात, भार कुणावरच नाही. मग वीज वाहून नेणार कोण?"

साहेबांनी वळून पाहिलं. "तुमचं शिक्षण?"

"सातवी. पण दहावीचा हा धडा बावीस वेळा ऐकलाय!"

वर्ग खो-खो हसला, साहेबसुद्धा. मावशींना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता नोकरी गेली, असं वाटून त्या दिवसभर धुतलेलंच काचसामान पुन्हा धूत बसल्या.

नोकरी गेली नाही. उलट सरांनीच पिच्छा पुरवून त्यांना बाहेरून दहावीला बसवलं. निकाल लागला तेव्हा विज्ञानात मावशींना सरांच्या वर्गातल्या सगळ्या पोरांपेक्षा जास्त गुण होते. भूमितीत त्या सपशेल आपटल्या.

"भूमितीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरतो," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या. "तिथलं काही ऐकूच येत नाही."