घरट्यावरचं ऊन

चाचा गेल्याचं मला बाबांनी सांगितलं. मी कॉलेजमधून बाहेर पडत होते. बाबा फोनवर म्हणाले, "जुईनगरच्या दुकानाचा शटर खाली हाय. शौकतचाचा गेलं. पहाटं झोपेतच." मी गेटपाशीच उभी राहिले. शिमगा नुकताच झाला होता. द्रोणागिरीच्या डोंगरात निळा माशीमार हा पक्षी गायला लागायचे ते दिवस. मी चाचांना त्याच संध्याकाळी विचारणार होते, यंदा जायचं का... त्यांनी वर्षभर डोंगराचं नाव काढलं नव्हतं. ते का, हे सांगण्यासाठीच मी लिहिते आहे. मला लेख लिहायची सवय नाही. आमच्या शिरवण्याच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण जे लिहिते ते खरं आहे, आणि ते सौम्य करून लिहायची माझी इच्छा नाही.

चाचांचं स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बाबांच्या गाडीची केबल घ्यायला गेलो होतो, तेव्हा गल्ल्याच्या काचेखाली मला एका पक्ष्याचा फोटो दिसला. पाठ गर्द निळी, कपाळावर त्याहून चमकदार निळी रेघ, गळा आणि छाती नारिंगी, पोट पांढरं. मी प्राणिशास्त्र घेतलेलं, तरी मला नाव सांगता येईना. चाचा हसले. "कालेजात शिकतीस ना गो? मग हा शेजारी कसा ठाऊक नाय? चिमणीपेक्षा जरा बारीक, पण गायला लागला की ओहोळ भरून टाकतो." पुढच्या रविवारी चाचा, चाची आणि मी त्यांच्या जुन्या व्हॅनमधून बंदराकडच्या कंटेनरच्या रांगा ओलांडत द्रोणागिरीला गेलो. निघताना आई म्हणाली होती, "पाखरा बगाला कालेजात घातली हाय का तुला?" चाचीने तिला डब्यातली सांदणं काढून दिली, तेव्हा ती गप्प झाली.

डोंगरात एक ओहोळ आहे. उन्हाळ्यात पाणी आटतं, पण काठची माती ओलसर राहते आणि दुपारीही तिथे सावली असते. या पक्ष्याला तेवढंच हवं असतं. उंच झाडांखालचा अंधार, हवेतल्या हवेत पकडायला माश्या-डास, आणि काठाच्या मातीत किंवा मुळांखाली एखादी खोबण. त्या खोबणीत शेवाळ, सुकी पानं, बारीक मुळं रचून वाटी करतात, तीत मातकट रंगाची, तांबूस ठिपक्यांची अंडी. मादी नरापेक्षा फिकट, राखाडी निळी. "नवरा नटून बसलाय आणि घर हिच्या डोक्यावर," चाची म्हणायची. "आमच्यात उलटं हाय," चाचा म्हणायचे, "मी कुठं नटतो?"

घरटं पाहायची चाचांची एक रीत होती. ती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. ते घरट्याकडे कधी बोट दाखवत नसत, तोंडही करत नसत. ओहोळाच्या पलीकडे, घरट्याकडे पाठ करून दगडावर बसायचे आणि खिशातून दुकानातला स्कूटरचा गोल आरसा काढायचे. त्यात, खांद्यावरून, घरटं दिसायचं. "आपली पाठ दिसली तर पाखरू आपल्याला झाड समजतं," ते म्हणायचे, "डोळं दिसलं तर मांजर." मग आम्ही तिघं एका रांगेत, पाठमोरी बसायचो. आरसा हातोहात फिरायचा.

गेल्या मे महिन्यात त्या खोबणीत पिल्लं होती. चाचा आणि मी पक्षी बघणाऱ्यांच्या ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये होतो, त्यातले एक सर चाचांना पुष्कळ दिवस जागा विचारत होते. त्यांच्याकडे मोठी लेन्स आहे, त्यांच्या फोटोंना बक्षिसं मिळतात. त्यांचं नाव मी इथे देणार नाही. फोटोखाली नाव आलेलं त्यांना फार आवडतं, या लेखात मी ते येऊ देणार नाही. चाचांनी त्यांना आरशाची रीत समजावली आणि विश्वासाने जागा दाखवली. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा खोबणीवर झुकलेली कुड्याच्या झाडाची फांदी कापलेली होती. ओहोळात पडून तिची पानं कोमेजली होती. खोबणीत थेट ऊन पडलं होतं. पिल्लं नव्हती. नर-मादी कुठेच नव्हती. मी पहिल्यांदाच चाचांना घरट्याकडे तोंड करून उभं असलेलं पाहिलं.

त्याच आठवड्यात सरांचा फोटो ग्रुपवर आला. मादी पिल्लांना भरवते आहे, एकेक पीस लख्ख. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली. मी घरट्याबद्दल विचारलं, तर सरांनी लिहिलं, 'चाचांनी जागा दहा जणांना दाखवली, गर्दी झाली, घरटं गेलं. वाईट वाटतं.' मग बाकीचे सुरू झाले. 'चाचांना समजवा कुणीतरी.' 'असल्या लोकांना ग्रुपमध्ये घेताच कशाला?' चाचांनी जागा फक्त सरांना दाखवली होती, हे मी लिहिलं, ते कुणी वाचलंच नाही. चाचांनी ग्रुप सोडला. दुकानातला तो फोटो काचेखालून काढला. मी भांडायला निघाले तर म्हणाले, "सोड गो. माझं पाखरू गेलं, भांडून येनार हाय का?"

चाचा गेल्यावर त्याच ग्रुपने नेरुळला एका सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. चाची पहिल्या रांगेत होती. सर बोलायला उठले. चाचा किती साधे, किती मोठ्या मनाचे, वगैरे. आणि पडद्यावर तोच फोटो लावून म्हणाले, "हे छायाचित्र मी चाचांना अर्पण करतो."

मी उभी राहिले. "सर... या घरट्यावर ऊन कसं?"

कुणीतरी मागून हसलं. "अगं, मे महिना होता. ऊन नाही तर काय पडणार?"

"हा पक्षी उन्हात घरटं करत नाही," मी म्हणाले. "इथे सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या वरच्या कोपऱ्यात बघा. कुड्याची फांदी कापली की असा पांढरा चीक गळतो. ताजा आहे. पिल्लं तेव्हा घरट्यात आहेत."

सगळे पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होते. सरांच्या हातात माइक होता, हे बहुतेक त्यांच्या लक्षात नव्हतं. "एकच तर फांदी होती," ते पुटपुटले. ते अख्ख्या हॉलने ऐकलं.

चाची वळली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "उतरव तो फोटू. माझ्या मानसाच्या नावानं नको."

फोटो उतरवला. नंतर दोघा-तिघांनी चाचीची माफी मागितली. मी कुणाला 'असू दे' म्हटलं नाही. लोक मला म्हणतात, झालं ते झालं, मन मोठं कर. चाचांचं मन मोठं होतं. त्याचं काय झालं ते मी पाहिलं. सरांना यापुढे कुठल्याही हॉलमध्ये तो फोटो लावताना त्या कोपऱ्याकडे आधी बघावं लागेल, याचा मला आनंद होतो. खोटं कशाला बोलू?

आता दोन महिने होत आले. चाचीने आरसा मला दिला आहे. परवा मी एकटी ओहोळावर गेले. जुन्या खोबणीपासून बरीच दूर, एका जांभळाच्या मुळांखाली... त्याहून जास्त लिहीत नाही. दगडावर बसले तोच फोन थरथरला. सरांचा मेसेज होता. 'झालं गेलं विसरून जाऊ. यंदा जागा कळवशील? फोटो चाचांच्याच नावाने लावीन.'

मी लिहिलं, 'उन्हात शोधा.' फोन बंद केला.

मग घरट्याकडे पाठ केली आणि आरसा खांद्यापाशी धरला. आधी माझा कान दिसला, ओढणी दिसली, शेजारची दगडावरची रिकामी जागा दिसली. मग त्यामागच्या अंधारात चोचीत शेवाळ धरून मादी आली, थांबली, माझ्या पाठीकडे पाहिलं, आणि आत गेली.