सावधान म्हणालो आणि अक्षता पडल्या

आमच्या कासार आंबोलीत एक मेचा झेंडा शाळेच्या मैदानावर होतो. यंदा त्याच मैदानावर आरतीच्या लग्नाचा मांडव पडला होता. झेंडा आधी, मुहूर्त लगेच मागून. आदल्या संध्याकाळी सरपंच घरी आले आणि मला ड्यूटी लावून गेले. परेडच्या ऑर्डर मी द्यायच्या. हवालदार म्हणून रिटायर होऊन मला बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून नोकरीत आहे. माझी बायको शालन म्हणते, "ह्यांनी घरात मीठ मागितलं तर शेजारीण उठून देती."

"झेंडा कुणाच्या हातून?" मी विचारलं.

"कमलवहिनींच्या. आरतीनं हट्टच धरलाय," सरपंच म्हणाले.



कमलवहिनी म्हणजे आरतीची आई, नायक सदाशिवची पत्नी. सदाशिव आणि मी एका आळीतले. एकाच दिवशी भरती झालो, एकाच पलटणीत गेलो. उत्तरेत एका बर्फाच्या पोस्टवर आम्ही बरोबर होतो. तिथला एक मे मला आठवतो. सदाशिवने टिनच्या डब्यातल्या डाळीचं पुरण केलं. पोळ्या इतक्या जाड झाल्या की गढवालचा एक जवान मला म्हणाला, "हवालदार साब, यह खाना है या बंकर में लगाना है?" सगळे पोट धरून हसलो. सदाशिव सर्वांत जास्त.

पुढच्या थंडीत तो तीन जवानांना घेऊन पेट्रोलला गेला. मी रेडिओ सेटवर होतो.

"नाला पार किया. सब ओके. ओव्हर."

"रॉजर. आउट," मी म्हणालो.

त्यानंतर डोंगरावरून बर्फ सुटला. चौघांपैकी दोघांना आम्ही जिवंत काढलं. सदाशिव त्यांत नव्हता.

तो गावी आला तो तिरंग्यात. आरती तेव्हा रांगत होती. त्या दिवसापासून वहिनी कधी झेंड्याला आल्या नाहीत. सव्वीस जानेवारीला त्या मुद्दाम शेतावर निघून जायच्या. गावाने कधी आग्रह केला नाही. म्हणून सरपंच गेल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्या मांडवासाठी आंब्याचे डहाळे बांधत होत्या.

"वहिनी, नको वाटत असंल तर मी सांगतो सरपंचांना."

"पोरीनं शब्द टाकलाय, भावजी. यीन मी." त्यांनी गाठ आवळली. "पर हात उचलंल का न्हाई, ते माजं मलाच ठावं न्हाई. तिच्या लग्नात माजी रडारड नको एवडंच वाटतंय."

मलाही तेवढीच काळजी होती.

सकाळी मैदान फुललं. निकाल घ्यायला आलेली शाळेची पोरं एका बाजूला, मारुंजीहून टेम्पो-गाड्या भरून आलेलं वऱ्हाड दुसऱ्या बाजूला. भटजींना पुढे नांद्याला दुसरं लग्न होतं, त्यामुळे त्यांची घाई. त्यांनी अक्षता आधीच वाटायला लावल्या. सगळ्यांच्या मुठी बंद. शाळेच्या बाई माझ्याजवळ आल्या.

"काका, आमची मुलं 'दक्ष' ओळखतात. फौजेतलं 'सावधान' नका म्हणू."

"बरं," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

मी मेडल लावून जागेवर उभा राहिलो. पिवळ्या साडीतली, मुंडावळ्या बांधलेली आरती आईचा हात धरून आली. तिने आईला खांबापाशी सोडलं आणि मागे सरली. वहिनींनी दोरी हातात घेतली. वर पाहिलं. आणि नजर तिथेच राहिली. हात हलेना. आरतीचे डोळे भरायला लागलेले मला दिसले. पुढे होऊन दोरी धरावी, तर तो मान माझा नव्हता. काही सुचत नसलं की फौजी माणूस ऑर्डर देतो. मीही दिली, छातीच्या तळापासून.

"परेऽड, सावधान!"

आणि चारी बाजूंनी अक्षता आल्या.

सरपंचांच्या टोपीवर, माझ्या मेडलांवर, वहिनींच्या केसांत. पोरांनी मुठी रिकाम्या केल्या, मारुंजीकरांनी केल्या, आमच्या शालननेसुद्धा केली. लग्न लागलं असं समजून बँडवाल्यांनी दणक्यात सुरुवात केली. भटजी मांडवातून धावत आले.

"आरं थांबा! नवरदेव अजून मारुतीच्या देवळात हाय!"

पहिलं हसू फुटलं ते कमलवहिनींना. तोंडाला पदर लावला तरी खांदे हलत होते. मग पदर सोडून त्या मोकळ्या हसल्या आणि हसता हसताच त्यांनी दोरी ओढली. गाठ सुटली, झेंडा उघडला. बँड कसाबसा गप्प केला आणि राष्ट्रगीत झालं. मी सॅल्यूट दिला तेव्हा भुवईत तांदूळ अडकले होते. इतक्या आनंदाने मी पलटणीतही कधी सॅल्यूट दिला नव्हता.

अक्षता पुन्हा वाटेपर्यंत वहिनी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. डोळे ओले होते, पण चेहरा हसरा.

"भावजी, आमच्या लग्नाला तुमी न्हवता."

"सुट्टी न्हाई मिळाली मला."

"हे ट्रेनिंगमधनं थेट बोहल्यावर आल्यालं. भटजी 'सावधान' म्हणलं आन् ह्यांनी खाडकन टाचा जोडल्या. छाती फुडं, नजर सरळ. म्होरलं सावधान, परत तेच. समदा मांडव हसतुया, आन् ह्यांना कळंना का हसत्यात." त्या थांबल्या. "आरतीला हे सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बगा. हे कसं गेलं तेवडंच सांगत बसले मी."

तेवढ्यात नवरदेव आला. अंतरपाट धरला गेला. वहिनी आरतीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. आरती मुंडावळ्यांसकट हसायला लागली. भटजींनी पहिलं मंगलाष्टक संपवलं.

"शुभमंगल सावधान!"

मी टाचा जोडल्या. छाती पुढे, नजर सरळ. मांडव हसला. वहिनींनी मुठीतल्या अर्ध्या अक्षता लेकीवर टाकल्या आणि अर्ध्या माझ्यावर. त्या माझ्या नव्हत्या. नायक सदाशिवच्या होत्या. मी त्याच्या जागी उभा राहून घेतल्या.