श्रावणातले गाभोळीचे वडे

माझे सासरे, आप्पा, जन्मभर दुसऱ्यांसाठी मासे तळत आले. पण श्रावण लागला की स्वतः मासळीला जीभ लावायचे नाहीत. बेळगुंदीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा एका ग्रीक मालकाच्या बोटीवर स्वयंपाकी होता. तिथंही त्यांनी श्रावण पाळला. मीठ बघायला एखाद्या खलाशाला हाक मारायचे. "पोट त्यांचं, नेम माझा," म्हणायचे.

बोटीवरून त्यांनी आणलं काय, तर गाभोळीचे वडे. माशाची अंडी मिठात मुरवायची, करायच्या दिवशी पाण्यात ठेवून खारटपणा काढायचा, भिजवून पिळलेला पाव, कांदा, पुदिना आणि आपला शेपू घालून मळायचं, चपटे वडे तळायचे. मळताना कुणी बोललं तर आप्पा हात थांबवून नुसते बघत राहायचे. नवी नवरी असताना मी त्या बघण्याला जाम घाबरायचे.

माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला पोटात पाणीसुद्धा ठरेना. वजन आणखी उतरलं तर याही बाळाचं काही खरं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. घरात सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले. त्याचाच मला जास्त संताप यायचा. आणि डोहाळा लागला तो कशाचा, तर त्या वड्यांचा! तोही ऐन श्रावणात.

सासूबाईंनी देवघराचं दार ओढून घेतलं. आप्पांनी शेगडी उचलून मागच्या परड्यात नेली आणि श्रावण सुटल्यावर खायला म्हणून मुरवून ठेवलेल्या गाभोळीची बरणी काढली.

अडलं ते मिठावर. खारट राहिलं तर पहिल्याच घासाला उलटी होणार, आणि पुन्हा ताटाकडे बघायची माझ्यात ताकद नव्हती. चव बघणार कोण? घरात सगळ्यांचाच श्रावण. शेजारून कुणाला बोलवू का, असं सासूबाई विचारत होत्या. तेवढ्यात आप्पांनी एक वडा तळला, मोडला आणि तोंडात घातला.

"अवो, हे काय केलासा?" सासूबाई ओरडल्या.

"माझी न् देवाची वळख जुनी हाय," आप्पा म्हणाले. "ह्या लेकराची अजून व्हायची हाय. मी बघतो देवासंगं काय ते."

मीठ जास्तच होतं. त्यांनी आणखी पाव घातला, परत मळलं, परत चाखलं.

मी खाल्लं. शेजारी घमेलं ठेवलं होतं. कुणी जागचं हललं नाही. बराच वेळ मी घमेलं धरून बसले, पण बाहेर काही आलं नाही. संध्याकाळी मीच आणखी एक मागितला, तेव्हा आप्पांनी शेगडी परत पेटवली.

तो सगळा श्रावण ते माझ्यासाठी तळत राहिले, चाखत राहिले. मुलगी झाली, चांगली धडधाकट. ती दीड वर्षाची असताना आप्पा झोपेतच गेले. आता ती अंगणवाडीत जाते. भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून विचारते, हे कोण? मी सांगते. चार दिवसांनी परत विचारते. तिला आप्पा आठवत नाहीत. त्यात तिचा काय दोष? पण मला लई राग येतो.