ढगाखाली माणूस पाहिजे

निजामपुऱ्यात आमच्या लूमच्या कारखान्याला गच्ची होती. परतीच्या पावसाचे ढग दाटले की गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस जिना चढून यायचा. एक डोळा मिटून, बोटांची चौकट करून तो आभाळ मापायचा आणि ढगालाच दटावायचा, "ठहर जा बाबा, अभी मत बिखर!"

एका संध्याकाळी लाइट गेली, लूम थांबले, तसा मीही त्याच्यामागे वर गेलो. काळाकुट्ट ढग डोंगरासारखा वर चढत होता आणि त्याच्या काठाला तांब्याच्या रंगाचा उजेड लागला होता. मी सातवीत शाळा सोडून लातूरकडून इथे कामाला आलेला. गडगडाट झाला की गावी कणगीमागे दडणारा.

"भाई, त्या कठड्यापाशी उभा रहा ना! रोलमध्ये एकच फोटो उरलाय."

"माझा कशाला? अन् वीज पडली म्हणजे?"

"वीज लांब हाय, खाडीपलीकडं. नुसता ढग काढला तर लोक म्हणतात धूर हाय. खाली माणूस असला की कळतं, ढग केवढा! जल्दी, उजेड चालला!"

कठडा घट्ट धरून मी उभा राहिलो. खटका वाजला. "मिळाला!" म्हणत त्याने चपला हवेत उडवल्या, आणि काय मिळालं ते न कळताच मीही ओरडलो, "मिळाला!"

दिवाळीआधी तो मला फोटो देऊन गेला. पैसे घेतले नाहीत, आणि नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. फोटोत मी ज्वारीच्या दाण्याएवढा. तोंडही दिसत नव्हतं. तरी दिवाळीला गावी गेलो तेव्हा आईने उभं राहण्यावरून मला ओळखलं. बराच वेळ ती ढगाकडेच बघत राहिली.

मग म्हणाली, "एवढ्या ढगाखाली? अन् पळाला न्हाईस व्हय रे?"